औषधाचं नाव न घेता

तुमच्या छातीत गाठ लागत असेल आणि म्हणून तुम्ही हे वाचायला घेतलं असेल, तर आधी जाऊन दाखवून या. मग वाचा. हे कुठे पळून जात नाही.

मी धीर द्यायला बसलेले नाही. आजारपणात मला इतक्या जणांनी इतका धीर दिला की तो शब्द ऐकला तरी अजून मळमळतं. माझं नाव करुणा. नाव ठेवताना आईबापांचा अंदाज चुकला. मूळची नगरकडची, लग्न झाल्यापासून बोईसरला. नवरा विल्सन इथल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. मी घरी ब्लाऊज शिवते. इथे आमचं रक्ताचं कोणी नाही. जे आहे ते चर्चचं. आलो तेव्हा खोली त्यांनीच शोधून दिली, आता लांब सासरी असलेल्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला तेच उभे राहिले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावरच तोंड सोडणार आहे.

रिपोर्ट

माझाच ब्लाऊज डाव्या बाजूला ओढायला लागला. दुसरी बाई असती तर आरशापुढे उभी राहिली असती. मी टीप उसवली, टक्स सैल केला आणि पुन्हा घातला. शिंपिणीला दोष आधी कापडात दिसतो. पुन्हा ओढला तेव्हा हाताला लागलं.

बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत "घाबरू नका" म्हटलं. म्हणजे घाबरायचं, हे मला लगेच समजलं. विल्सनने विचारलं, "मग आज मला सेकंड शिफ्टला जाता येईल का?"

मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माणूस इतका हादरला की त्याच्या तोंडून रोजचंच वाक्य बाहेर येतं, हे मला फार नंतर उमगलं. त्या दिवशी मात्र मी परतीच्या वाटेवर त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही.

धडे

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि भगिनी मंडळाच्या भेटीही सुरू झाल्या.

आमच्यात रीत आहे. कोणी आजारी असलं की मंडळाच्या बायका घरी येतात, एखाददुसरं गीत म्हणतात, प्रार्थना करतात, कपाळाला तेल लावतात. रीत चांगली आहे. मीही कितीतरी घरी गेलेय. पण त्या वर्षी पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीने, मंडळासाठी विषय घेतला होता: विश्वासातल्या स्त्रिया आणि त्यांच्या जीवनातून शिकायचे धडे. विषय त्यांच्या हातात आणि मी अंथरुणात. आयतीच सापडले.

पहिल्या भेटीत हन्ना. मूल होत नव्हतं, मंदिरात जाऊन नुसते ओठ हलवत रडली, देवाने ऐकलं. धडा काय, तर तक्रार माणसांपुढे मांडू नये. मंदिरातल्या याजकाला ती दारू प्यायलेली वाटली, तेवढा भाग पाळकबाईंनी गाळला. मला तर धडा तिथेच दिसतो. बाई मनापासून रडायला लागली की देवळातल्या माणसालाही वाटतं, ही शुद्धीवर नाही.

दुसऱ्या भेटीत रक्तस्रावाने आजारी असलेली बाई. वर्षानुवर्षं वैद्यांकडे गेली, गुण आला नाही. प्रभूच्या वस्त्राच्या टोकाला हात लावला आणि बरी झाली. हे सांगताना पाळकबाईंची नजर स्टुलावरच्या माझ्या गोळ्यांवर होती. मी म्हटलं, "पाळकबाई, ती बाई उठून गर्दीत घुसली होती. घरी बसून राहिली नव्हती. आणि प्रभूने तिला वैद्याकडे का गेलीस म्हणून विचारल्याचं मी तरी वाचलं नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, "करुणाताई, मनात कोणाबद्दल कटुता आहे का? कटुतेनेही असलं काही होतं म्हणतात."

"आत्तापर्यंत नव्हती," मी म्हटलं.

त्यामुळे तिसऱ्या भेटीत ईयोबाची बायको आली. ही इशारा म्हणून. ईयोबाची मुलं, मालमत्ता सगळं गेलं, अंगभर फोड आले, त्या दुःखात जिने त्याला देवाला दोष दे म्हणून सांगितलं, ती मूर्ख स्त्री. मी उशीला टेकून ऐकत होते. तोंडात फोड आलेले, पाणीही झोंबत होतं, म्हणून त्या दिवशी वाचल्या सगळ्या. ईयोबाची मेली ती मुलं तिच्याही पोटची होती. ती जन्माला घालताना ईयोबाला कळा आल्या नव्हत्या. त्याच्या फोडांबद्दल पानंच्या पानं आहेत आणि ती एक वाक्य रागाने बोलली तर आजतागायत तिला बोल लावतात. तिची कोणी भेट घेतली का? मला ती बाई एकदम ओळखीची वाटली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असती तर मी तिच्याकडे चहाला गेले असते.

शिरेला शिव्या

हॉस्पिटलबद्दल जास्त लिहीत नाही. सलाईनच्या खुर्च्या, नंबर पुकारणारा वॉर्डबॉय, डबे उघडल्यावर येणारा भाजीचा वास आणि त्या वासाने आपल्याला भडभडून येणं, हे जो जातो त्याला कळतंच.

पण एक सिस्टर होती. केरळची, गळ्यात बारीक क्रॉस, रोज सकाळी चर्चला जाऊन मग ड्यूटीवर यायची. माझ्या शिरा दडून बसायच्या. दुसऱ्या सिस्टर टोचून टोचून हात काळानिळा करत. ही हात हातात घ्यायची, खाली वाकून काहीतरी पुटपुटायची आणि पहिल्या टोचणीतच सुई आत. एकदा मी विचारलं, "सिस्टर, प्रेयर किया क्या?"

"नहीं दीदी," ती सुईवर चिकटपट्टी लावत म्हणाली, "नस को गाली दिया. मलयालम में. समझती है वो."

मी हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले आणि टाक्यांची जागा ओढली गेली. विश्वासातल्या स्त्रीपासून धडाच घ्यायचा झाला तर मी हा घेतला की देवाकडे बघायचं ते बघावं, पण समोरच्याचा हात नीट धरावा.

दुसऱ्या आमच्या शेजारच्या पाटीलवहिनी. जळगावकडच्या, नवरा वीज प्रकल्पात. दुपारी भाताची पेज आणायच्या, मीठ बेतानेच. मी पीत असताना टीव्ही लावून आपल्या जावेच्या चुगल्या सांगायच्या. त्यांनी एकदाही मला धीर दिला नाही. त्यांच्या जावेने काय काय केलंय हे आता मला पाठ आहे, आणि ती बाई खरोखरच वाईट आहे.

विल्सन

उलटीची बादली विल्सन काढायचा. कंपनीतले रबरी हातमोजे आणि मास्क लावून, ॲसिड सांडलंय अशा शिस्तीत. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. पण ड्रेसिंग बदलताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. जखम भरली तेव्हा म्हणाला, "ब्लाऊजमध्ये कापसाचं काहीतरी शिवून घे ना. चर्चमध्ये बरं दिसेल."

"कोणाला बरं दिसेल?"

तो पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागला. मी शिवून घेतलं. अस्तराच्या चिंध्या भरून, वजनाला बरोबर. मग त्याच रात्रीच्या जेवणात मीठ घालायला विसरले, की मुद्दाम घातलं नाही, ते आता आठवत नाही.

मोरपंखी

आमच्याकडे वर्षातून एकदा महिला रविवार असतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात. गीतं, प्रार्थना, संदेश, सगळं बायकांचं. सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या आणि ब्लाऊज माझ्याकडे. यंदा मोरपंखी. केमो संपून थोडेच दिवस झाले होते, हातात जोर नव्हता, पण काम घेतलं. घरात नुसतं बसून माणूस कुजतं.

माप द्यायला रेखा आली. जवळच्या कुंभवली गावची, एका कंपनीत पॅकिंगला जाते. सासूबरोबर आमच्या चर्चला येते. बोलायला कमी, हसायला पुढे. मी टेप छातीवरून फिरवली तशी तिने कोपर अंगाशी घट्ट दाबून घेतलं. मी टेप खाली ठेवली आणि बोटांनी चाचपलं. मला सांगायला डॉक्टर नको होता.

"हे कधीपासून?"

"झाले काय महिने. दुखत नाय पन."

"दाखवलंस?"

"नाय." ती हसली. "सासू बोलली, पाळकबाईंनी सांगितलंय, करुणाताईंची गाठ प्रार्थनेनं गेली, आपली पन जाईल. आमी दोघी उपास धरतो ना, शुक्रवारचा."

मी डोक्याचा स्कार्फ काढला. टकलावर नुकतंच लव आल्यासारखं उगवत होतं. "ही बघ माझी प्रार्थना. गाठ डॉक्टरांनी कापून काढली. केस औषधाने गेले."

रेखाने तोंडावर हात ठेवला. "पन चर्चमधी तर तुमी..."

चर्चमध्ये आम्ही सगळ्याच पदर डोक्यावर घेऊन बसतो. प्रार्थनेत बाईने डोकं झाकायचं, ही आमची रीत. झाकलेल्या डोक्याखाली केस आहेत की नाहीत हे कोण बघतो? महिनोन् महिने मी त्या बायकांमध्ये टक्कल घेऊन बसत होते आणि रेखाच्या सासूला मी औषधाशिवाय बरी झालेली दिसत होते.

"सासूला सांग हे. आजच सांग."

"माझं नाय ऐकायची ती. वेदीवरनं सांगितलं तर मानते. बोलली, महिला रविवारी ताई साक्ष देनार हायत, ती ऐकू, मंग ठरवू."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. मी ती देणार आहे हे मला तेव्हा, माझ्याच घरात, रेखाकडून कळलं. पाळकबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, मला विचारायचं राहून गेलं असावं.

देवाचा गौरव

पाळकबाई ट्रायलला आल्या. मी बाहीला टाचण्या लावत होते.

"साक्ष छोटीच द्या," त्या म्हणाल्या. "आजार कळला, मंडळाने उपासप्रार्थना केली, प्रभूने बरं केलं. औषधांचं नाव नको. नाहीतर देवाचा गौरव औषधांत वाटला जातो."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कुठे? एखादी गोष्ट न बोलणं वेगळं."

"एका बाईला गाठ आहे, पाळकबाई. ती तुमच्या त्या न बोललेल्या गोष्टीवर थांबलीय."

त्यांनी टाचण्या लावलेली बाही सरळ केली. मग म्हणाल्या, "मी कोणाला जाऊ नको म्हटलं का? माझी धाकटी बहीण सगळी औषधं घेऊन गेली, करुणाताई. सगळी. मला त्या नावांनी कापरं भरतं. आणि ही आपली माणसं आठवडाभर कंपनीत घासतात. रविवारी त्यांना विजयाची गोष्ट लागते. तेवढी द्या."

बहिणीचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. टाचणी तोंडात धरून मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी कबूल झाले. मग त्या गेल्यावर मला पुन्हा रेखाचं हसू आठवलं, आणि मी त्यांची बाही अर्धं बोट घट्ट शिवली. हे ख्रिस्ती वागणं नाही, मला माहीत आहे.

विल्सनला सांगितलं तर तो म्हणाला, "पाच मिनिटांची साक्ष. त्यावरून सगळ्यांशी वाकडं घेणार? इथे आपलं दुसरं कोण आहे? उद्या आपल्यातलं कोणी गेलं तर खांदा द्यायला तेच येणार."

"मी गेले तर, असं म्हणा ना सरळ."

त्याने ताट सरकवलं आणि उठला. त्याचं भय खोटं नव्हतं. चर्च तुटलं तर या गावात आम्ही दोघं आणि कंपनीचा भोंगा एवढंच उरतं. ते मलाही कळत होतं, आणि कळूनही मी ऐकणार नव्हते.

महिला रविवार

आमचं चर्च म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. त्या दिवशी मोरपंखी साड्यांनी अर्धा हॉल भरला होता. एक से एक फिटिंग, माझं मलाच कौतुक वाटलं. रेखा आणि तिची सासू पुढेच बसल्या होत्या. माझं नाव पुकारलं.

मी वेदीशी गेले, माइक घेतला, रिवाजाप्रमाणे सर्वांना जय ख्रिस्त म्हटलं. मग पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला.

हॉलमध्ये श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. मी म्हटलं, "हे केमोने झालं. माझी गाठ डॉक्टरांनी कापून काढली, तिच्याबरोबर छातीही गेली. इथे आहेत त्या चिंध्या आहेत. गोळ्या अजून चालू आहेत. मी बरी झाले असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, ते 'बघू' म्हणतात. उपासाने गाठ गेली असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे. ते ऐकून कोणी बाई घरी थांबली असेल तर..."

तेवढ्यात गीत सुरू झालं. आमच्यात एखाद्याची साक्ष लांबली की पुढारी बाई गीत सुरू करते, म्हणजे त्याने समजून खाली बसायचं. पाळकबाईंनी सुरू केलं, ढोलकीने उचललं, बायका टाळ्या वाजवायला लागल्या. माइक बंद झाला. मी ओरडले, "तिने उद्या हॉस्पिटलात जावं!" किती जणांना ऐकू गेलं देव जाणे.

रेखाची सासू उठली. सावकाश चालत वेदीपर्यंत आली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देतात तसा नाही, भोपळा पिकलाय का बघतात तसा. आधी ढोलकी थांबली, मग गीत विरलं. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"औषधानं गेले?"

"औषधानं, मावशी."

"मंग देवानं काय केलं?"

मी खूप वेळ शोधलं. पाळकसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "बादली नवऱ्याने काढली. पेज शेजारणीने दिली. देवाचं मला विचारू नका, ते मलाच अजून कळलेलं नाही."

म्हातारीने माझ्या डोक्यावरचा हात काढला. वळून पाळकबाईंकडे बघितलं. "मंग आमाला तसं कशाला सांगितलं?"

पाळकबाईंनी मान खाली घातली, आणि खरं सांगते, मला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. म्हातारी रेखाला म्हणाली, "चल गो," आणि दोघी भर उपासनेतून निघून गेल्या. कुठे, काय ठरवून, ते मला कळलं नाही.

पुढे

मंडळाच्या भेटी बंद झाल्या. शिवायला टाकलेली कापडं दोघीतिघी परत घेऊन गेल्या. चर्चमध्ये जय ख्रिस्त म्हटलं की लोक जय ख्रिस्त म्हणतात आणि पुढे चालू लागतात. मी मात्र जाते. डोकं उघडं ठेवून पुढच्या रांगेत बसते आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. चिंध्याही आता भरत नाही.

विल्सन घरी अबोल आणि चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला, असे काही रविवार गेले. मग एका रविवारी तो उठला, अख्ख्या मंडळीदेखत बायकांच्या बाजूला आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. गीताचं पुस्तक माझ्यापुढे धरलं.

त्याच आठवड्यात दारात म्हातारी उभी. मागे रेखा, हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, भाकरी, पाण्याची बाटली.

"न्या हिला," म्हातारी म्हणाली. "मला तिथलं काय कळत नाय. तुमाला कळतं."

आम्ही गेलो. तीच ओळ, तेच बाक, तोच वॉर्डबॉय नंबर पुकारणारा. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढायचा म्हणून सांगितलं आणि बाहेर थांबायला लावलं. गाठ कसली आहे ते कळायला वेळ होता. उशीर झालाय का, हे मी त्यांना डोळ्यांनी विचारलं आणि त्यांनी डोळ्यांनीच उत्तर टाळलं.

रेखा बाकावर माझा हात धरून बसली होती. हसत नव्हती.

"ताई, उपास मोडून आलो. देव रागावंल काय?"

"रागावला तर माझं नाव सांग," मी म्हटलं. "त्याचं नि माझं भांडण तसंही चालूच आहे."

तिचा नंबर आला. ती पदर डोक्यावर घ्यायला लागली, मग तसाच खांद्यावर सोडून आत गेली. दार बंद झालं.

आजार कळला त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. लोक प्रार्थना करायचे तेव्हा मी डोळे मिटून भाजीचा विचार करायची. त्या बाकावर, रेखाची पिशवी मांडीवर घेऊन, पहिल्यांदा बोलले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत.

ऐक, म्हटलं. हिला काही होता कामा नये. आपलं दोघांचं काय ते नंतर बघू.